समजा, खेर काका नसले तर

जबलपूरहून परत आल्यापासून जो तो मला एकच विचारतो, भेडाघाट कसं वाटलं? भेडाघाटला मी जेमतेम वीस मिनिटं होते आणि त्यातली निम्मी गाडी लावायला जागा शोधण्यात गेली. धबधबा आहे, मोठा आहे, तुषार अंगावर येतात. संगमरवरी खडकांमधली नावेची सफर राहिली. का राहिली, हे प्रत्येकाला वेगळं सांगून माझा घसा बसला आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते.

माझं काम लोकांना नकोसे प्रश्न विचारण्याचं आहे. आग लागली तर? वीज गेली तर? सगळी माहिती ज्या कॉम्प्युटरात आहे तोच बसला तर? संस्था काय उत्तरं देते ते ऐकायचं, त्यातून संकटातही काम चालू राहील असा आराखडा लिहायचा, त्याची तालीम घ्यायची आणि तालीम जमली तर सही करायची. माझे यजमान याला अभद्र बोलायचा पगार म्हणतात. या खेपेला पाळी होती जबलपूरच्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्राची. दहा मशिनं, रोज दोन पाळ्या. केंद्राला मदत करणाऱ्या देणगीदारांना आराखड्यावर माझी सही हवी होती.

मंगळवार, ओमती

स्टेशनवर पहाटेच्या धुक्यात मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी माझी बॅग हिसकावूनच घेतली. हेच खेर काका. वय सहासष्ट, केंद्राचे तंत्रज्ञ, म्हणजे पाणी, वीज, मशिनं, जनरेटर, सगळं तेच. घराणं पिढ्यान्‌पिढ्या जबलपूरचं, त्यामुळे मराठी अस्सल, पण दर तिसऱ्या वाक्याला हिंदीत जाऊन येणारी.

"पहले नाश्ता," ते म्हणाले. "चलो. तालीम-बिलीम मग पाहू."

पोह्यांवर शेव आणि बाजूला जिलेबी. सकाळी सातला जिलेबी खायची मला सवय नाही. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं पेरतात आणि तेवढ्यावर सकाळ भागते. इथे जिलेबी नको म्हटल्यावर दुकानदाराने काकांकडे असं पाहिलं की पाहुण्या आजारी आहेत का. मी खाल्ली. एवढ्या वेळात काकांचा फोन चारदा वाजला. पहिला फोन, मिठाची गोणी आली, कुठे ठेवू? दुसरा, ठेवली. तिसरा, सात नंबरचं मशिन पिपाणी वाजवून राहिलंय. चौथा, थांबलं. प्रत्येक वेळी काका हातातला चमचा खाली ठेवून उत्तर देत होते. माझ्या कपाळावर पहिली आठी तिथेच पडली.

केंद्र ओमतीच्या गर्दीतल्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. ज्यांनी डायलिसिस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की माणसाचं रक्त यंत्रातून फिरवून साफ करावं लागतं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्यासाठी भरपूर शुद्ध पाणी लागतं. पाणी थांबलं की सफाई थांबते, आणि लवकर सुरू झालं नाही तर पेशंटचं रक्त अंगात परत घालून त्याला तसंच घरी पाठवावं लागतं. म्हणून गच्चीवरचा पाण्याचा प्लांट हा या जागेचा जीव. आणि त्या प्लांटचा जीव खेर काका.

पुण्याहून काकांशी फोनवर बोलून मी एक मोठा तक्ता छापून नेला होता: पाणी थांबलं तर काय करायचं, पायरी एक ते नऊ, हिंदीत, ठळक अक्षरांत. तो चार नंबरच्या मशिनसमोरच्या भिंतीवर लावला. मग एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. सिस्टर रेखा दुबे, पाणी थांबलं तर काय कराल? "खेर काका को बुलाएँगे." दुसऱ्या सिस्टरला विचारलं, तेच. सुनील पटेल, काकांचा चाळिशीतला मदतनीस, दहा वर्षं इथे, त्यालाही विचारलं. त्याने काकांचा नंबर मला तोंडपाठ म्हणून दाखवला.

"आणि समजा, खेर काका नसले तर?"

सिस्टर रेखांनी पटकन टेबलाच्या लाकडाला हात लावला. "ऐसा मत बोलिए, मैडम."

त्या संध्याकाळी जेवायला नेपियर टाऊनमध्ये खेरांच्या घरी. काकूंनी भरली वांगी केली होती आणि वर खोव्याची जिलेबी, काळीभोर, पाकाने जड, इथली खास. दुसरी मी मागून घेतली, हे प्रामाणिकपणे नोंदवते. काका हात धुवायला उठले तेव्हा पोटाखाली तळहात दाबून उठले. ते आत गेल्यावर काकूंनी सांगितलं. हर्निया आहे, दोन वर्षं झाली. प्लांटसाठी मिठाच्या गोण्या लागतात, त्या हे स्वतः उचलतात. डॉक्टर म्हणतात, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, आधीच ऑपरेशन करून घ्या. तीनदा तारीख घेतली, तीनदा मोडली.

"महिनाभर आराम सांगितलाय ना," काकू म्हणाल्या. "मग म्हणतात, माझ्यामागे पाणी कोण पाहील? ताई, तुमची ती सही होऊन जाऊ द्या. तुमचा कागद दाखवला तर कदाचित ऐकतील."

मी लोकांच्या फायलींवर सह्या करते, आतड्यांवर नाही, असं मनात आलं. म्हटलं मात्र, पाहू.

बुधवार, तालमीचा समारंभ

तालीम दोन पाळ्यांच्या मधल्या तासात, रिकाम्या मशिनांवर घ्यायची ठरली होती. अचानक, कोणाला न सांगता. हा 'अचानक' शब्द मी विश्वस्तांच्या अध्यक्षांना ईमेलमध्ये अधोरेखित करून पाठवला होता. सकाळी पोचले तर दारात रांगोळी. आत झेंडूची माळ, टेबलावर नारळ, आणि भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स: 'आपदा अभ्यास कार्यक्रम में आपका हार्दिक स्वागत है'. फ्लेक्सवर अध्यक्षांचा फोटो होता आणि फ्लेक्सच्या मागे माझा तक्ता होता.

मी तो काढायला सांगितला. अध्यक्ष, भले गृहस्थ, दुखावले. कार्यक्रम के बाद हटा देंगे, म्हणाले. एका फ्लेक्ससाठी अध्यक्षांशी भांडायचं नाही असं मी ठरवलं आणि सिस्टरच्या हातात छापील कागद दिला. आता मला माझाच राग येतो.

नारळ फुटला. मी जाहीर केलं: पाणी थांबलं आहे आणि खेर काका नाहीत. काका दाराजवळच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले होते. मी म्हटलं, काका, तुम्ही बाहेर जा. ते म्हणाले, मी काही बोलणार नाही, नुसतं बसून राहतो. अध्यक्षही म्हणाले, बुजुर्ग आदमी हैं, बैठने दीजिए.

सुनील एका व्हॉल्व्हकडे गेला. काका खोकले. सुनील दुसऱ्या व्हॉल्व्हकडे वळला. काका गप्प. सुनीलने तो फिरवला. सिस्टर रेखांनी मशिनच्या बटणावर बोट ठेवलं आणि मान न वळवता थांबल्या. खोकला आला. बोट बाजूला सरकलं. एकाही माणसाने हातातल्या कागदाकडे पाहिलं नाही. अकरा मिनिटांत सगळं सुरळीत, टाळ्या, समोसे. त्या खोकल्यावर त्यांचं दहा वर्षं चाललं होतं, आणि माझ्याखेरीज त्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

मी नापासाचा शेरा लिहिला. काका समोसा खाता खाता म्हणाले, "पाहिलं ना मॅडम? माझ्याशिवाय यांचं होत नाही." चेहरा अगदी गंभीर, पण आवाजातला आनंद लपत नव्हता. सदर भागातल्या गेस्ट हाऊसकडे जाताना रिक्षात मी एकटीच बडबडत होते. माणसाला जीव प्यारा असतो असं आपण समजतो. या माणसाला 'माझ्याशिवाय होत नाही' हे वाक्य जास्त प्यारं होतं.

गुरुवार, भेडाघाट

सकाळी अध्यक्षांची गाडी दारात. भेडाघाट न पाहता पाहुणा जबलपूरहून गेला तर आमची काय इज्जत राहील, असा निरोप. आणि पाहुण्या मराठी, म्हणून सोबत खेर काका. मी नको म्हटलं, पहिली पाळी चालू आहे म्हटलं, फेरतालमीची तयारी आहे म्हटलं. काका म्हणाले, अध्यक्षांनी सांगितलं तर नाही कसं म्हणणार. जो माणूस स्वतःच्या ऑपरेशनसाठी दोन वर्षं जागचा हलला नाही, तो पाहुणीला धबधबा दाखवायला तासाभरात हलला. या न्यायापुढे मी हात टेकले.

रस्ता छान होता, दोन्हीकडे गव्हाची शेतं. काकांनी धुवांधारपाशी मला मुलाला दाखवावा तसा धबधबा दाखवला, इथे उभ्या राहा, नाही, इथे. तुषारांनी माझा चष्मा धूसर झाला. अर्ध्या वाटेपासून फोनला रेंज नव्हती आणि काका दर मिनिटाला खिशातून फोन काढून आकाशाकडे धरत होते. मी म्हटलं, काका, पाण्याकडे पाहा. ते म्हणाले, पाहूनच तर राहिलो.

नावेकडे निघालो तोच संगमरवराच्या मूर्तींच्या दुकानांमधून सुनील पटेल धावत आला, हेल्मेट डोक्यावरच. मोठा पंप जळला होता. प्लांट बंद, मशिनं ओरडायला लागली, काकांना फोन लागेना. म्हणून तो मोटारसायकल काढून काकांना आणायला आला. पंचवीस किलोमीटर.

"आणि तिथे कोण आहे?" मी विचारलं.

प्लांटला हात लावणारी दोनच माणसं होती आणि दोन्ही आता नर्मदेच्या काठावर उभी होती. दहा पेशंट मशिनांना जोडलेले. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. परतीच्या वाटेवर काका पुढच्या सीटवर बसून व्हॉल्व्हचे नंबर पुटपुटत होते आणि पोटाखाली हात घट्ट दाबलेला होता. मनात एकच हिशेब चालू होता, रक्त परत घालायला सिस्टरांना वेळ मिळाला असेल का.

जिना काका माझ्या आधी चढले. आत दहाही मशिनं चालू होती. पेशंट पडले होते, कोणी पेपर वाचत होतं, कोणी झोपलं होतं. फ्लेक्स जमिनीवर चुरगळून पडला होता. भिंतीवर माझा तक्ता.

काकांनी विचारलं, कोणी केलं? सिस्टर रेखांनी चार नंबरकडे बोट दाखवलं.

चार नंबरवर वानखेडे होते. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आठवड्याचे तीन दिवस इथे. एका हातात सुया, दुसऱ्या हातात चष्मा. त्यांच्याशी मी दोन दिवसांत एक शब्द बोलले नव्हते. अध्यक्ष, डॉक्टर, सिस्टर, झाडूवाली, सगळ्यांना विचारलं होतं, पेशंटला काय विचारायचं, असं मला वाटलं होतं. वीस वर्षं या धंद्यात काढल्यावर ही माझी अक्कल.

झालं असं होतं. सुनील पळाल्यावर सिस्टर रडवेल्या झाल्या. वानखेड्यांनी पडल्या पडल्या हाक मारून तो फ्लेक्स ओढून काढायला लावला. मग एक सिस्टर खोलीत, दुसरी गच्चीवर, मधे जिन्यावर झाडूवाली निरोपाला. वानखेडे एक ओळ वाचणार, वर तेवढंच करायचं, केलेलं मोठ्याने सांगायचं, ते इथे ऐकू आलं की मगच पुढची ओळ. चौथ्या ओळीला राखीव पंप, सातव्या ओळीला पाणी.

"आमच्या इथं असंच होतं," वानखेडे म्हणाले. "एक वाचते, एक करते. कितीबी जुना माणूस असला तरी पाठ म्हणून हात लावायचा नाही. ज्याले पाठ असते ना मॅडम, तोच चुकते."

हे ते काकांकडे न पाहता बोलले. काका मात्र ऐकत होते.

"तुमचं नाव मी आराखड्यात घालते," मी म्हटलं. भारावून गेले होते.

"नका घालू," वानखेडे म्हणाले. "मी मशिनवर जगून राहिलो. माह्या भरवशावर ठेवता काय यांना? त्यांना वाचाले लावा, बस."

काका गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले. जळलेल्या पंपापाशी ते उकिडवे बसले होते आणि राखीव पंपाचे व्हॉल्व्ह एकेक करून तपासत होते. चूक सापडली तर बरं, असं त्यांना वाटत असावं. एकही सापडली नाही. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

शनिवार, नेपियर टाऊन

शुक्रवारी नवा पंप बसला आणि दिवसभर मी दोन्ही सिस्टरांना आणि सुनीलला वाचायला आणि करायला लावलं, पाळीपाळीने, आवाज बसेपर्यंत. शनिवारी फेरतालीम. नियमाप्रमाणे मी केंद्रात हजर राहायला हवं. पण मी तिथे गेले असते तर काका कुठल्या ना कुठल्या निमित्ताने जिन्यात येऊन खोकले असते, याची मला खात्री होती. म्हणून घड्याळ आणि नोंदवही तिथल्या डॉक्टर मॅडमकडे दिली आणि मी स्वतः काकांच्या घरी जाऊन बसले. नोकरीत पहिल्यांदाच नियम मोडला.

काकूंनी मटाराच्या शेंगांचं टोपलं मधे ठेवलं. आम्ही तिघं सोलायला बसलो. काकांचा फोन चटईवर, पडदा वर करून. अकराला काका म्हणाले, आता पाणी बंद केलं असेल. मी म्हटलं, केलं असेल. पाच मिनिटांनी ते उठून चपला शोधायला लागले. मी म्हटलं, काका, बसा. माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण ते खरोखर बसले. त्यानंतर एकच शेंग त्यांच्या हातात बराच वेळ होती. काकूंनी ती हळूच काढून घेतली आणि दुसरी दिली.

फोन वाजला नाही. सव्वाअकरा, साडेअकरा. मिठाच्या गोणीसाठी दोनदा फोन करणारी माणसं ती, पण एक फोन नाही. मला अशा शांततेसाठीच पगार मिळतो, तरी ती त्या खोलीत बसून ऐकवत नव्हती.

पावणेबाराला माझा फोन वाजला. डॉक्टर मॅडमचा. पाणी सुरू. एकदा सुनील चुकीच्या व्हॉल्व्हकडे वळला, सिस्टरने ओळ पुन्हा वाचली, तो थांबला. नऊही पायऱ्या झाल्या. बुधवारपेक्षा जास्त वेळ लागला, पण झालं.

"विचारा," काका म्हणाले, "कोणी माझं नाव घेतलं का?"

मी विचारलं. नाही, कोणी घेतलं नाही.

मी कागद काढला आणि सही केली. काकूंनी मटाराचं टोपलं बाजूला सारून तो हातात घेतला. मला वाटलं, आता काका चिडतील किंवा हसून वेळ मारून नेतील.

"पाऊण तासाचं काम होतं म्हणजे," ते काकूंना म्हणाले. "मग आईच्या शेवटी मी नागपूरला भावाकडे काहून नाही गेलो? पाच दिवस बोलवून राहिली होती ती."

एवढे आराखडे लिहिले, असला प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता, आणि तोपर्यंत आठवडाभर माझ्या डोक्यात साचलेली सगळी चिडचिड मला एकाएकी लाज वाटावी इतकी फुकटची वाटली. काकांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसत नव्हते. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर क्षणभर हात ठेवला. मग कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला, चटईवरचा फोन उचलला आणि ऑपरेशनवाल्या डॉक्टरांचा नंबर लावला.

"सोमवारची मिळते का विचार," काका म्हणाले.